कोकमाचं झाड वाढतं, पण रातांबे धरत नाहीत: खत आणि कोयती दोन्ही बाजूला ठेवा, आधी फूल बघा

"झाड बघूक झकास, पण एक भिरंड धरूक नाय."

एप्रिल लागला, शेजारच्या परसात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं (कुठे त्यांनाच भिरंडं म्हणतात), लाल व्हायला लागले, की हे वाक्य ऐकू येतंच. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत बोली बदलते, तक्रार तीच राहते. झाड दहा-बारा वर्षांचं, निरोगी, पानं गर्द हिरवी, शेंडा पागोळीच्या वर गेलेला, आणि फळाचा पत्ता नाही. मग एक जण सांगतो युरिया घाला, दुसरा सांगतो मुळात मीठ घाला, तिसरा खोडात खिळा ठोकायला सांगतो. एवढं करूनही दोन वर्षं काही झालं नाही की झाड तोडलं जातं. यातल्या कशानेही फळ येत नाही. चांगलं पोसलेलं झाड मात्र जातं.

कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. रातांबे मादीला लागतात. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि रोप लहान असताना ते नर आहे की मादी हे पानावरून, खोडावरून किंवा वाढीवरून कुणालाही सांगता येत नाही. "रुंद पानाची मादी", "उंच शेंड्याचा नर" अशा खुणा सांगणारे भेटतात. त्यांवर विसंबून रोप ठेवू नका आणि उपटूही नका. झाड फुलल्यावरच खरं काय ते कळतं. म्हणून फळ न धरणाऱ्या कोकमाची तपासणी उन्हाळ्यात करण्यात अर्थ नाही, ती डिसेंबर-जानेवारीत करायची. मे महिन्यात झाडाखाली उभं राहून केलेला कुठलाही निर्णय अंदाजाने केलेला असतो.

पहिली चौकशी: हे रोप की कलम, आणि वय किती

बीपासून वाढलेलं कोकम फुलायला सात-आठ वर्षं घेतं. सावलीत, दाट आगरात असेल तर आणखी रेंगाळतं. सहा वर्षांच्या रोपाला फळ नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही, त्याचं वयच झालेलं नसतं. मादी झाडाच्या काडीचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दाखवायला लागतं. तेव्हा आधी घरात विचारा: हे झाड आणलं कुठून? कुणी आजीने रातांबे फोडून बिया टाकल्या आणि त्यातलं एक वर आलं, की रोपवाटिकेतून कलम म्हणून पैसे मोजून आणलं?

कलम म्हणून आणलेलं असेल तरी खोडाचा बुंधा एकदा नीट बघा. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर जोडाची खूण असते: साल किंचित फुगलेली, एक तिरपी रेघ, कधी दोन बाजूंच्या सालींचा रंग थोडा वेगळा. ही खूण दिसत नसेल, किंवा तिथे वाळून काळा पडलेला ठोंब असेल आणि आजचं खोड त्याच्या खालून बाजूला फुटून वर गेलेलं असेल, तर कलमाची काडी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मेली आणि खालच्या खुंटाने जागा घेतली असं समजा. खुंट म्हणजे बीचं रोप. तो नर असण्याची शक्यता निम्मी. "कलम लावलं तरी नर निघाला" या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं. लावणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतं, कारण खुंटही कोकमाचाच, पानं तशीच, आणि बाजूची फूट जोमदार असल्याने उलट बरंच वाटतं. जोडाच्या खाली आलेली प्रत्येक फूट पहिली तीन-चार वर्षं नखाने खुडत राहायची. एवढं केलं तर हा घोळ होत नाही.

फूल हातात घेऊन बघायचं

कोकमाला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फुलं येतात, भर डिसेंबर-जानेवारीत असतो. फुलं लहान, जाड पाकळ्यांची, पिवळट-गुलाबी. पानांच्या दाटीत ती लांबून उठून दिसत नाहीत. म्हणूनच पुष्कळ घरांत "आमच्या झाडाला फूलच येत नाही" असं ठामपणे सांगितलं जातं आणि प्रत्यक्षात झाड दर वर्षी फुलत असतं. सकाळी झाडाखालची पानं झाडून जागा स्वच्छ करा आणि दुसऱ्या दिवशी खाली काय पडलंय ते बघा. भरपूर फुलं पडलेली असतील आणि फांदीवर मागे काहीच उरत नसेल, तर ती नराची मोठी खूण. नर फुलाचं काम परागापुरतं, ते झालं की ते गळून पडतं.

तरी एवढ्यावर थांबू नका. हाताला येईल अशी फांदी वाकवा आणि टोकाकडची तीन-चार फुलं तोडून तळहातावर घ्या.

नर फुलं घोसाने येतात. पानाच्या बगलेत आणि फांदीच्या टोकाला चार ते आठ कळ्यांचा झुपका, कळ्या गोल, देठ बारीक. उमललेल्या फुलाच्या चार पाकळ्या बाजूला करा. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा एकत्र आलेला गठ्ठा दिसतो, दहा-वीस पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे. बोटाने हलकं चोळलं तर पिवळी धूळ लागते. गठ्ठा नखाने उकलला तरी आत गोल, भरीव असं काही लागत नाही.

मादी फूल बहुधा फांदीच्या टोकाला एकेकटं, फार तर दोन-तीन. देठ आखूड आणि जाड. पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध हिरवट गोल गाठ असते, तीच पुढे रातांबा होते. गाठीच्या डोक्यावर देठाशिवाय बसलेली चपटी, खडबडीत, खाचा पडलेली टोपी असते, ती कुक्षी, म्हणजे पराग घेणारा भाग. गाठीभोवती चार-दोन खुरटे पुंकेसर दिसतीलही, त्यांना बघून फसू नका, त्यात काम करणारा पराग नसतो. नखाने गाठ आडवी कापली तर आत कप्पे दिसतात. पिकलेल्या रातांब्यातल्या पाच-सात बियांच्या जागा त्या कप्प्यांतच ठरलेल्या असतात.

काही झाडं दोन्ही प्रकारची फुलं दाखवतात, किंवा एकाच फुलात पराग आणि गाठ दोन्ही असतात. अशी झाडं थोडीच, पण असतात. म्हणून एका फांदीवरून निकाल देऊ नका. पूर्वेची एक, पश्चिमेची एक आणि शेंड्याकडची एक, अशा तीन ठिकाणची फुलं बघा. शेंड्यासाठी आकडीची काठी पुरते. चुलतभाऊ किंवा शेजारीण ज्या झाडाचे रातांबे दर वर्षी काढतात, त्या झाडाचं एक फूल आणून शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक लगेच पटतो. दोन्ही फुलं एकदा शेजारी बघितली की पुन्हा कधी विचारावं लागत नाही.

आणि खरोखरच फूल नसेल तर? वय झालेलं असूनही फूल नाही, असं झाड बहुधा अंधारात वाढलेलं असतं. कोकम सावली सोसतं, नारळ-सुपारीच्या आगरात ते मजेत राहतं, पण सोसणं वेगळं आणि फुलणं वेगळं. वर फणसाचा किंवा आंब्याचा घेर आडवा आला असेल तर त्या फांद्या कमी करा, दुपारचं ऊन निदान काही तास शेंड्यावर पडू द्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर आणि गोठ्याच्या शेणकाल्यावर वाढलेलं झाडही पानांतच रमतं. तिथे पावसाळ्यानंतरचं पाणी दुसरीकडे वळवून बघावं.

नर निघाला तर

तोडू नका, निदान लगेच नको.

एक तर आसपासच्या मादी झाडांना त्याचा पराग लागतो. वाडीतले सगळे नर "निरुपयोगी" म्हणून गेले आणि मग मादी झाडांची धारणा कमी झाली, अशी वेळ आणायची नसेल तर आधी शेजारीपाजारी नर किती उरलेत ते बघा. नव्या बागेसाठी दहा झाडांमागे एक नर ठेवायची शिफारस आहे, त्यावरून एका नराचं मोल कळतं.

दुसरं म्हणजे त्याच झाडावर मादी काडी बांधता येते. दहा-बारा वर्षांचं झाड म्हणजे जांभ्यात खोल गेलेली मुळं, आणि ती मुळं पुन्हा तयार व्हायला तेवढीच वर्षं जातात. झाड मुळासकट घालवून त्या जागी दोन फुटांचं कलम लावण्यापेक्षा जुन्या खोडावर कलम करणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. कातळावर सुरुंग लावून खड्डा केला असेल तिथे तर दुसरा विचारच नको.

पद्धत अशी. झाडाच्या मुख्य फांद्या छातीच्या उंचीवर किंवा थोड्या वर कापायच्या, पण सगळ्या एकदम नाही. एक चांगली फांदी तशीच ठेवायची. तिची पानं झाडाला जगवतात, आणि पुढे तीच फांदी नर म्हणून वरच्या मादी फांद्यांना पराग पुरवते. ज्यांच्या परसात एकाच झाडाची जागा आहे त्यांनी हे मुद्दाम करावं: एकाच खोडावर मादीही आणि नरही. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना दहा लिटर पाण्यात, या प्रमाणात. घरच्या दोन झाडांना पाव किलोचं प्रमाण पुरतं. पेस्ट प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करायची, लोखंडी बादलीत नाही.

कापलेल्या जागेखालून फुटवे येतात. त्यातले ऐसपैस अंतरावरचे, जोमदार, उभे असे दोन-तीन प्रत्येक फांदीवर ठेवून बाकीचे काढायचे. ठेवलेले फुटवे पेन्सिलीच्या जाडीचे आणि अजून कोवळे, तांबूस असताना त्यांवर मृदकाष्ठ कलम बांधायचं. मादी झाडाची काडी त्याच जाडीची निवडायची, आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची म्हणजे डोळा फुगतो. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दीड-दोन इंचांचा तिरपा काप देऊन पाचर करायची, फुटव्याला मधोमध तेवढीच चीर द्यायची, पाचर बसवून निदान एका बाजूला सालीला साल भिडवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचं. कोकमाच्या कापातून पिवळा चीक येतो. तो साठू न देता हात भराभर चालायला हवा, पातं प्रत्येक कापानंतर पुसायला हवं. वर प्लास्टिकची बारीक पिशवी टोपीसारखी घालून बांधली की काडी सुकत नाही. फूट दिसली की पिशवी काढायची. हे सगळं कडक उन्हात किंवा कोसळत्या पावसात करू नये. पाऊस ओसरल्यावर हवेत ओलावा असतो ते दिवस बरे. स्वतः कधी कलम बांधलं नसेल तर आंबा-काजूची कलमं बांधणारा गडी बोलवा, हातोटी तीच आहे.

काडी कुणाच्या झाडाची घ्यायची याचा मात्र नीट विचार करा. ज्या झाडाचे रातांबे मोठे, साल जाड, रंग गडद आणि पीक मिरगाच्या आत संपतं, त्याची घ्या. आपल्याकडे अशी झाडं वाडीगणिक असतात आणि ती कुठली हे घरातल्या बायकांना पक्कं माहीत असतं, कारण आमसुलं त्याच करतात. त्यांना विचारा.

कलम जिवंत आहे, पण वेलीसारखं पसरत चाललंय

हाही नेहमीचा प्रश्न. कलम तीन-चार वर्षांचं, उंची गुडघाभर, फांद्या सगळ्या आडव्या, आणि पावसात त्या मातीला टेकलेल्या. हा रोग नाही. कोकमाच्या उभ्या शेंड्याची वाढ उभी असते आणि बाजूच्या फांदीची आडवी. आडव्या फांदीची काडी घेऊन कलम बांधलं की ती काडी खुंटावर बसूनही आडवीच वाढत राहते. झाडावर उभे शेंडे थोडे, आडव्या फांद्या भरपूर, म्हणून कलमं पुष्कळदा आडव्या काडीची होतात.

अशा कलमाला फळं लागतात, तेव्हा उपटायचं नाही. बांबूची काठी रोवून त्यातल्या त्यात सरळ फांदी तिला सुतळीने सैल बांधत वर न्यायची, जमिनीलगतच्या फांद्या दर वर्षी थोड्या थोड्या कमी करायच्या. काठी दोन-तीन वर्षं तरी काढायची नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्यांवर पावसाळ्यात चिखल उडतो, बुरशी येते, आणि तिथली फळं हाताला लागण्याआधी सडतात, म्हणून हे काम टाळू नये. खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. पिशवीतल्या कलमाची फूट सरळ वर जाते का ते बघा, आणि बसकं, फाकलेलं कलम असेल तर उभ्या शेंड्याच्या काडीचं दुसरं मागा.

मादी आहे, फुलतेही, तरी फळ नाही

इथे पहिला संशय नराचा. शहरातल्या बंगल्याच्या आवारात, नव्या वसाहतीत, माळरानावरच्या एकट्या घरापाशी लावलेलं एकच मादी कलम फुलतं, गाठी काही दिवस हिरव्या राहतात आणि पिवळ्या पडून गळतात. आजूबाजूला दुसरं कोकम नसेल तर एक नर कलम लावणं हाच उपाय. नर कलमं मागितली तर मिळतात, फक्त ती कुणी मागत नाही. नर फुलेपर्यंतची वर्षं काढायची असतील तर फुललेल्या नर झाडाच्या फांद्या आणून पाण्याच्या बाटलीत घालून मादीच्या फांदीला टांगता येतात, किंवा ताजं नर फूल मादी फुलाच्या टोपीवर हलकं घासता येतं. चार फांद्यांवर हे केलं आणि तेवढ्याच फांद्यांना फळ धरलं, तर अडचण परागाचीच होती हे सिद्ध झालं.

नर जवळ असून गळ होत असेल तर खताकडे वळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस पहिल्या वर्षी दोन किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद आणि २५ ग्रॅम पालाश अशी सुरू होते आणि दर वर्षी तेवढीच वाढ करत दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश इथपर्यंत जाते. आपल्या जांभ्याच्या मातीतून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस खत धुऊन नेतो, त्यामुळे ते घेराच्या खाली चर काढून मातीआड करायचं, बुंध्याशी ओतायचं नाही. परसातल्या झाडाला बहुतेक घरी खत कधीच मिळत नाही, आणि तरी ते धरतं. म्हणून मी खताला शेवटचा संशयित मानतो.

फळ धरतं, पण पावसात जातं

फळ न धरण्याइतकंच दुःख याचं आहे. झाड लालेलाल, आणि तोडणीच्या आठवड्यात पाऊस. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस कोकणात उतरतो, त्याआधी वळवाच्या सरी. रातांबे एप्रिलपासून पिकायला लागतात, पण एकाच वेळी पिकत नाहीत. उशिराच्या झाडाचं निम्मं पीक पावसात सापडतं. भिजलेला रातांबा झाडाखाली एका रात्रीत मऊ पडतो.

झाडाचा हंगाम बदलता येत नाही, पण तोडणीची सवय बदलता येते. झाड झोडपून एकदाच सगळं पाडण्याऐवजी हिरवा रंग जाऊन लाली चढलेली फळं आठवड्यातून एक-दोनदा उतरवा. पडून फुटलेली फळं वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी फोडा. वानरं येणाऱ्या गावांत तर लवकर उतरवण्याला पर्यायच नाही.

सात-आठ दिवस कडक ऊन मिळणार असेल तर आमसुलं. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, गराच्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळसर, लवचीक होते आणि वर्षभर टिकते. पुटं अर्धी झाली असताना आभाळ आलं तर साली घरात पसरून ठेवल्या की पांढरी बुरशी धरते. अशा वेळी त्या मिठाच्या रसातच बुडवून ठेवा आणि ऊन आल्यावर बाहेर काढा.

ऊन नाहीच मिळणार असं दिसलं तर आमसुलांचा नाद सोडून आगळ करा. फोडलेली फळं मिठात थर देऊन बरणीत भरायची, रोज लाकडी पळीने खालीवर करायची, आठवडाभराने रस गाळायचा. मिठात हात आखडू नका, तेच आगळ टिकवतं. बरणी चिनी मातीची किंवा काचेची. ॲल्युमिनियम, पितळ अजिबात नको, कोकमाचं आम्ल धातूला खातं. सोलकढीला, तिवळाला, बांगड्याच्या तिखल्याला वर्षभर हेच पुरतं, आणि अंगावर पित्त उठलं की चोळायलाही. सरबतासाठी सालींच्या दुप्पट साखर घालून अमृत कोकम केलं तरी पावसाचा धाक राहत नाही.

बिया फेकू नका. वाळवून, फोडून, आतला मगज कुटून पाण्यात उकळला की वर तूप तरंगतं. थंड झालं की ते घट्ट होतं, त्याचे गोळे वळायचे. हेच मुठेल. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उन्हाळ्यातही फडताळात घट्ट राहतं आणि टाचेवर घासलं की अंगाच्या उबेने पसरतं. भेगांना यासारखं दुसरं काही नाही. मलमं आणि चॉकलेटं करणारे कारखानेही हेच तूप घेतात.

नवीन लावताना

बी रुजवायचं असेल तर ताज्या रातांब्यातलं, मे-जूनमध्येच. वाळलेली बी रुजण्याची ताकद लवकर गमावते. पण बीचं रोप लावायचं ते खुंटासाठी किंवा बांधावर, मोकळ्या जागेत, नर निघाला तरी चालेल अशा ठिकाणी. अंगणातल्या एकुलत्या एक जागेवर ते लावू नका. तिथे कलमच.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या दोन जाती दिल्या आहेत. १९९७ ची कोकण अमृता, फळ ३४-३५ ग्रॅमचं, आणि पीक बहुतांशी पावसाआधी हाती येतं. २००६ ची कोकण हातीस, तिचं फळ ९० ग्रॅमच्या आसपास. आमसुलं करणाऱ्या घराला मी अमृता सुचवीन, कारण आपल्याकडे फळाच्या आकारापेक्षा उन्हाचे दिवस मोलाचे. सरबताचा व्यवसाय असेल आणि फळ लगेच फोडलं जाणार असेल तर हातीस. रोपवाटिकेत जातीचं नाव विचाराच, पण त्याआधी "काडी मादीची आहे ना, आणि उभ्या शेंड्याची आहे ना?" हे विचारा. दहा घेणार असाल तर एक नर मागा. दोन-तीनच घेणार असाल तर शेजारी फुलणारा नर आहे का ते जानेवारीतच बघून ठेवा, नसेल तर चौघा घरांनी मिळून एक नर बांधावर लावा.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, झाडांत वीस फुटांचं अंतर, खड्ड्यात शेणखत आणि चांगली माती. लावणी पहिला पाऊस जिरल्यावर, जोड मातीच्या वर राहील अशी. कोवळ्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात झापांची सावली आणि आठवड्यातून एक-दोनदा पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी आणखी विरळ, आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर. तिसऱ्या वर्षापासून बहुतेक ठिकाणी कलम आपल्या मुळांवर उभं राहतं. तेव्हापासून फक्त जोडाखालची फूट तेवढी खुडत राहा.